यामागुचीसानची कात्री

तानुकी संघाच्या यामागुचीसाननी मला जानकेनमध्ये फसवलं. एकदा नाही, लागोपाठ दोन वर्षं, आणि तेही माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन.

जानकेन म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. आपल्याकडे तो पोरांचा खेळ. इथे जपानात मोठमोठी माणसं टाय लावून, चेहरा गंभीर ठेवून त्यावर निकाल लावतात. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. तोंड आहे, जीभ आहे, बसून सौदा करता येतो, तर हात कशाला हलवायचे?

जिथे हे सगळं घडलं ते बर्फाचं रिंक आता राहिलं नाही. तिथे सुपरमार्केट उभं आहे. मी तिथे मटार आणायला जाते. थंड कपाटाचं काचेचं दार उघडलं की गार वाफ तोंडावर येते आणि नाक आपसूक पुढच्या वासाची वाट बघतं: ओले हातमोजे, रबरी चटया, यंत्रातून पडलेल्या डब्यातलं मक्याचं गरम सूप. तो वास येत नाही. मी दार धरून उभी राहते, काच धुक्यासारखी पांढरी होते. मग कोणीतरी कोवळी मुलगी येऊन विचारते, "ओकुसान, काही शोधताय का?" ओकुसान म्हणजे वहिनी, काकू, जे म्हणाल ते. मी मटार उचलते आणि निघते.

तेव्हा टोकियोच्या या तोयोसु भागात इमारतींपेक्षा क्रेनच जास्त होत्या. पुण्या-मुंबईहून इंजिनिअर यायचे, एका बॅगेत कपडे आणि दुसरीत प्रेशर कुकर घेऊन. माझा नवरा एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामावर आला, त्याच्यामागे मी. वर्षभर खिडकीतून कालवा बघितला आणि मग डबे सुरू केले. पोळी, भाजी, आमटी, भात. आधी आमच्याच मजल्यावरची तीन एकटी पोरं, मग त्यांचे मित्र, मग मित्रांच्या बायका आल्या तरी डबा चालूच. कोणी मला काही दिलं नाही, मी सगळं बोलून मिळवलं. जपानी भाषासुद्धा मी भाजीवाल्याशी घासाघीस करूनच शिकले. इथे भाव करायची रीत नाही. पहिल्या दिवशी तो भाजीवाला घाबरून आत बायकोला बोलवायला गेला. सहा महिन्यांनी मात्र तो मला, फक्त मलाच, मुळ्याचा भाव मुद्दाम चढवून सांगू लागला, म्हणजे मला तो पाडता यावा. माझं पाडून झालं की दोघांनाही बरं वाटायचं.

ही विद्या मला सांगलीला आमच्या ओट्यावर मिळाली. बोहारीण यायची, आई जुन्या साड्या काढायची. मी दारामागून बघायचे. बोहारीण पातेल्याकडे बोट दाखवायची, पण आई नेमकी त्या डब्याकडे कधीच बघायची नाही जो तिला हवा असायचा. हवी ती वस्तू बघायचीच नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे दिलेला शब्द मोडायचा नाही. एवढ्या दोन नियमांवर मी इथे उभी राहिले.

बर्फावरची हॉकी आमच्या घरात आली ती मंजिरीच्या फुटलेल्या हनुवटीबरोबर. वॉर्डाच्या कुठल्याशा मेळाव्यात मुलांना फुकट बर्फावर सोडत होते. माझी लेक पडली, हनुवटीला रक्त, आणि उठून हसत म्हणाली, "मोऊ इक्काई." पुन्हा एकदा. मी मराठीत ओरडायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, हे तेव्हापासूनच.

आमच्या भागातल्या मुलांची एक छोटी लीग होती, चार संघांची. आमचा संघ तोबिउओ, म्हणजे उडते मासे. निळी जर्सी, पाठीवर पंख असलेला मासा, जो धुऊन धुऊन पापलेटासारखा दिसू लागला होता. नदीपलीकडचे कावळे काळ्या कपड्यात यायचे आणि खरंच कावळ्यांसारखे कडेला ओळीत बसायचे. चिबाकडच्या एका संघाचं नाव इतकं लांब होतं की आम्ही लाल जर्सीवरून त्यांना टोमॅटो म्हणायचो. आणि तानुकी. तानुकी हा इथला गोल पोटाचा, जाड शेपटीचा एक प्राणी, गोष्टीतला लबाड. त्यांची जर्सी तपकिरी. तानुकी आणि आम्ही एकाच रिंकवर खेळायचो, म्हणून वैरही सख्खं.

किती आवाज होते त्या रिंकला. स्केटची धार वळताना खलबत्त्यात खडेमीठ फुटल्यासारखा कर्र आवाज. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, फळीवर आदळला की वरच्या मजल्यावर कोणी पाटा टाकल्यासारखं वाटायचं. मध्येच एक मोठी गाडी येऊन गरम पाणी सोडत बर्फ गुळगुळीत करून जायची. आम्ही बायका तिला सारवणगाडी म्हणायचो. ती फिरली की पोरं गप्प होऊन बघत राहायची, आणि नव्या ओल्या बर्फावर दिवे उलटे दिसायचे. मग सगळी पोरं ओळीत उभी राहून बर्फाला वाकून नमस्कार करायची. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिला आवडलं असतं.

संघाची प्रतिनिधी मी कशी झाले? पालकांच्या सभेत विचारलं, कोण होणार, तेव्हा सगळ्यांनी खाली चटईकडे पाहिलं. मी एकटीने वर पाहिलं. झालं.

आता भांडणाचं मूळ. रिंकवर मुलांच्या सरावाला रविवारच्या दोन वेळा मिळायच्या: सकाळी दहाची आणि पहाटे साडेपाचची. कोणाला कोणती, हे दरवर्षी उन्हाळा सरताना तानुकींचा आणि आमचा प्रतिनिधी जानकेनने ठरवायचे; जिंकेल त्याला दहाची. त्या वर्षी आमच्या संघात निम्मी मुलं आपली होती, आणि गोलकीपर होता केळकरांचा चिन्मय. गुबगुबीत, शांत. गोलकीपर का झालास विचारलं तर म्हणाला, "काकू, तिथे पळावं लागत नाही." लीगचा नियम असा की गोलकीपर नसेल तर संघाची नोंदच होत नाही. आणि केळकर वहिनींनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "पहाटेची वेळ आली तर आमचं नाव काढा. पाच वाजता मी स्वतः देवाला उठत नाही, पोराला काय उठवू? त्याला टेनिसला घालते."

म्हणजे दहाची वेळ मिळाली तर संघ राहणार, पहाट आली तर मासे बुडणार. मंजिरी तेव्हा निळी जर्सी घालून झोपायची.

एवढी मोठी गोष्ट मी हातवाऱ्यांवर सोडणार नव्हते. मी यामागुचीसानकडे गेले. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे; चालतानाही उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखं चालायचे. बोलणं मोजकं, टोपी कायम डोक्यावर. रिंकबाहेर सुपाच्या यंत्रापाशी मी त्यांना थांबवलं आणि सरळ सांगितलं, "यंदा तुम्ही दगड दाखवा, मी कागद दाखवते. पुढच्या वर्षी मी दगड, तुम्ही कागद. दोघांनाही एकेक वर्ष. कोणाचं नुकसान नाही."

त्यांनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "यंदा मी दगड."

"हो."

"तुम्ही कागद."

"हो."

त्यांनी मूठ पुढे केली, मी पंजा पुढे केला. रंगीत तालीम झाली. मग मी पिशवीतून डबा काढला. पुरणपोळ्या होत्या, वर तुपाची धार. त्यांनी उभ्याउभ्या एक खाल्ली, रुमालाने बोटं पुसली, दुसरी खाल्ली, आणि डबा धुऊन परत आणून दिला. कोणी म्हणेल, असा करार करणं हीच लबाडी. मी म्हणते, दोन समजूतदार माणसांनी बसून ठरवलं, तर त्याहून न्यायाचं काय असतं?

सभेच्या दिवशी मी नवी साडी नेसले होते. वॉर्डाच्या हॉलमध्ये चटईवर सगळे गुडघे दुमडून बसलेले, मध्ये आम्ही दोघं. रीतीप्रमाणे सगळे सुरात म्हणाले, "साइशो वा गू", म्हणजे आधी दगड. दोघांच्या मुठी पुढे. "जानकेन पोन."

मी पंजा उघडला. त्यांनी दोन बोटं काढली. कात्री.

करार गुप्त, म्हणून तोंड उघडायची सोय नाही. मी वाकून नमस्कार केला. कानशिलं अशी तापली होती की त्यावर भाकरी भाजली असती. बाहेर बुटांच्या कपाटापाशी मी त्यांना धरलं.

"यामागुचीसान, हे काय?"

त्यांनी बूट घातले, नाडी बांधली, आणि बुटालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "कात्री निघाली."

निघाली? कात्री काय खिशातून आपली आपण निघते?

घरी आल्यावर मी कणीक इतकी तिंबली की त्या रात्रीच्या पोळ्यांबद्दल सगळ्या डब्यांतून निरोप आले, छान झाल्यात म्हणून. केळकरांकडे जाऊन मी बातमी दिली. वहिनी म्हणाल्या, "मग ठरलं, टेनिस." तेवढ्यात केळकर भावजी आतून आले. हा माणूस शेवटच्या गाडीने घरी यायचा आणि पोर उठायच्या आत निघून जायचा. चिन्मयने एकदा शाळेत वडिलांचं चित्र काढलं तर दारातले बूट काढले होते. भावजी मला म्हणाले, "पहाटे साडेपाच? रविवारी? वहिनी, त्या वेळेला ऑफिसातून कोणीच फोन करत नाही. मी नेतो त्याला."

"तुम्ही उठणार?" केळकर वहिनींनी विचारलं.

"मी झोपतो कुठे?"

आणि अशी ती पहाट सुरू झाली.

इतकी वर्षं झाली, पण तो हिवाळा मला अजून सायकलींच्या दिव्यांचाच दिसतो. पुलावरून एकामागे एक, दिवे थरथरत. पुढे बाप, मागे झोपेत डोलणारं पोर, बापाच्या पाठीवर काठी आडवी बांधलेली, जणू सगळे कुठे लढाईला निघालेत. खाली कालव्याचं पाणी काळंभोर, त्यावर एखादं बदक जागं. सुरुवातीला गिंगकोच्या झाडांची फळं रस्त्यावर पडलेली असायची, चाकाखाली आली की उग्र वास, आणि पोरं झोपेतच नाक धरायची. मग तीही संपली, उरली ती कोरडी, काचेसारखी थंडी. टोकियोचा हिवाळा स्वच्छ असतो. कपडे वाळायला टाकावेत असं आभाळ.

आईबरोबर यायचं म्हटलं असतं तर कुरकुरली असती तीच पोरं बापाबरोबर आली. बाप लोकांना काही येत नव्हतं. गुडघ्याचं कवच कोपराला बांधायचे. माझा नवरा खाली फरशीवर बसून मंजिरीच्या स्केटच्या नाड्या आवळायचा, एकेक घर ओढत, आणि ती वरून सांगायची, "बाबा, मोत्तो." अजून घट्ट. घरात दोघांचं जेमतेम बोलणं व्हायचं. तिथे त्या एका शब्दावर त्यांचा सबंध संवाद चालायचा. भावजी गोलमागच्या काचेला नाक लावून उभे राहायचे. चिन्मयने पक अडवला की ते काचेवर दोनदा टकटक करायचे, आणि तो मागे न वळता काठी दोनदा आपटायचा.

सराव संपत आला की उंच खिडक्यांतून ऊन उतरायचं. आधी छताच्या लोखंडावर, मग फळ्यांवर, मग बर्फावर. बर्फ गुलाबी व्हायचा. पोरं त्या गुलाबी पट्ट्यातून मुद्दाम जायची यायची. बाहेर सायकलींच्या तळावर मी पोहे घेऊन उभी. मोठं पातेलं घोंगडीत गुंडाळून आणायचे. झाकण काढलं की वाफ, कोथिंबीर, लिंबू, आणि भोवती ओल्या हातमोज्यांचा तो वास. दोन्ही मिळून जो वास व्हायचा त्याला नाव नाही. जपानी आया भाताचे त्रिकोणी गोळे आणायच्या, आपली पोरं ते खायची आणि त्यांची पोरं पोहे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी बघते तर टोपी. यामागुचीसान. त्यांच्या संघाला दहाची वेळ, आणि हा माणूस सूर्य उगवताना आमच्या पातेल्यापाशी. "छान वास आहे," म्हणाले. मी हातात बशी दिली, पण वर हिरव्या मिरच्या मुद्दाम जास्त घातल्या. त्यांनी काड्यांनी आधी सगळे दाणे वेचून खाल्ले, मग पोहे. कपाळावर घाम आला, त्या थंडीत. बशी पुढे करून म्हणाले, "ओकुसान, अजून थोडे."

"दहाची वेळ कशी आहे?" मी टोचलं.

"ऊन जास्त असतं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून दर रविवारी यायचे. आमचे बाप लोक त्यांना 'मामा' म्हणू लागले. मला तो शब्द ऐकला की चीड यायची. त्या वर्षी उडते मासे लीगमध्ये दुसरे आले. तानुकी आमच्याखाली. ते मी त्यांना पोहे वाढताना दर वेळी सांगितलं.

पुढचा उन्हाळा सरला, पुन्हा सभा आली. आता सगळं उलटं होतं. दहाची वेळ कोणालाच नको होती. मंजिरी मला जपानीत म्हणाली, "आई, हरून ये." केळकर वहिनींनी लिफ्टमध्येच पुन्हा गाठलं: "काहीही करा, पण पहाटच आणा. नवरा आठवड्यातून एकदा तरी माणसात असतो हो."

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं होतं की आम्हाला पहाट हवी. कसं सांगणार? हव्या त्या डब्याकडे बघितलं की बोहारीण भाव चढवते. शिवाय यामागुचीसानकडे मागायला जाणं म्हणजे पहिल्या वर्षीचं माफ केलं असं झालं असतं. मी काही माफ केलेलं नव्हतं. मी मनात हिशोब मांडला. ज्या माणसाचं एकदा कात्रीने साधलं, तो कात्रीच काढणार. करारात यंदा माझा दगड आणि त्याचा कागद होता; पण तो करार तो पाळणार नाही, हे तर त्याने दाखवूनच दिलं होतं. तेव्हा मी कागद दाखवायचा, त्याच्या कात्रीने कापला जायचा, आणि पहाट घेऊन घरी यायचं.

पुन्हा ती चटई, पुन्हा गुडघे. "साइशो वा गू." दोघांच्या मुठी. "जानकेन पोन."

मी पंजा उघडला. त्यांनी मूठ तशीच ठेवली.

दगड. कागदाने दगड झाकला. मी जिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि रविवारी सकाळी दहाची वेळ आमच्या नावावर झाली. यामागुचीसान इतके खाली वाकले की टोपी सरकली आणि खालचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

बुटांच्या कपाटापाशी मी म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"दगड," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तुम्ही सांगितला होता तोच."

आणि निघून गेले, ब्रेकवर पाय ठेवत.

दहाची वेळ काय असते, ते त्या हिवाळ्यात कळलं. दहा वाजता फोन वाजतात. दहा वाजता वाढदिवस असतात, गणिताचे क्लास असतात, वाण्याचं सामान आणायचं असतं. बाप लोक आधी काचेपाशी फोन धरून उभे राहिले, मग गाडीत, मग घरीच. बर्फ सकाळभर पांढराच, पांढरा आणि पांढरा. पोहे कोणी खाईना. नाश्ता करून आलोय काकू, म्हणायची पोरं. चिन्मय क्लासला जाऊ लागला. पुढे केळकरांचं काम संपलं आणि ते पुण्याला परतले; विमानतळावर चिन्मयने काठी सामानात टाकू दिली नाही, काउंटरपर्यंत हातात धरून गेला. मग आणखी एक घर गेलं, आणखी एक. उन्हाळ्यात संघाची नोंद करायची वेळ आली तेव्हा गोलकीपर नव्हता. उडत्या माशांची जर्सी धुऊन मी घडी घातली आणि मंजिरीला तपकिरी जर्सी आणून दिली.

हो, तानुकींची. खेळायचं तर तिथेच होतं, आणि आमचा संघ गेल्यावरही त्यांनी वेळ पहाटेचीच ठेवली होती. पुढची काही वर्षं मी आणि माझा नवरा पुन्हा त्या पुलावरून गेलो, दिवे फक्त आमचेच. मंजिरी त्यांच्याकडून मनापासून खेळली, कप्तान झाली. पातेलं मी तिथेही नेत असे. गुलाबी बर्फावर आता तपकिरी पोरं फिरत होती, त्यांचे बाप काचेला नाक लावून उभे होते, आणि यामागुचीसान माझ्या शेजारी उभे राहून दाणे वेचून खायचे. मी त्यांना त्या काळात एकदाही विचारलं नाही. समोर बर्फ गुलाबी व्हायचा, लेक हसत यायची, आणि भांडायला काढलेलं तोंड तसंच राहायचं.

आता विचारते. मंजिरी ओसाकाला असते. हे लिहिलेलं ती जपानीत करून देणार आहे. "आई, एवढ्यासाठी?" म्हणाली. हो, एवढ्यासाठी. यामागुचीसान अजून नदीकाठी राहतात, दर नव्या वर्षाला मला तानुकीचं चित्र असलेलं कार्ड पाठवतात, आणि त्यावर तब्येतीची चौकशी सोडून काही नसतं.

यामागुचीसान, पहिल्या वर्षी तुम्ही शब्द मोडलात आणि आम्हाला आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा मिळाला. दुसऱ्या वर्षी तुम्ही तोच शब्द, वर्षभर उशिरा, पाळलात आणि आमचा संघ बुडाला. सबंध हिवाळा तुम्ही माझ्या पातेल्यापाशी उभे होतात. पहाटेची किंमत तुम्हाला माझ्याइतकीच माहीत होती. तेव्हा तो दगड प्रामाणिक होता, की मला हवी असलेली वस्तू, मी तिच्याकडे न बघताही, तुम्ही ओळखली होती? दोन्ही वर्षं फसवलंत म्हणून मी सुरुवात केली, पण खरं फसवलंत ते या दोनपैकी एकाच वर्षी. कोणत्या वर्षी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते ठरवणं माझं कामही नाही. ते तुम्ही सांगायचं. कार्डावर नाही, फोनवर नाही. माझ्या घरी यायचं, समोर बसायचं, टोपी काढायची आणि सांगायचं. कात्री निघाली, हे उत्तर मी घेणार नाही.